उरलेल्या भातातली वीज



गेल्या हिवाळ्यात हिंगणघाटला आमच्या नात्यात एक वलीमा होता. माशाअल्लाह, कार्यक्रम छान झाला, पाहुणे जेवून दुवा देऊन गेले. रात्री साडेअकराच्या सुमारास मी शादीखान्याच्या मागच्या अंगणात हात धुवायला गेलो, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एका बाजूला भाताची एक अख्खी देग आणि दुसरी अर्धी उरलेली. दुसऱ्या बाजूला ताटांतल्या उष्ट्याचे चार ढोल भरलेले. देगेतला भात आम्ही आसपासच्या घरांत आणि वस्तीत पोहोचवला. पण इतक्या रात्री दारे उघडणार किती? सकाळपर्यंत उरलेला भात आंबला. ढोलातले उष्टे तर कुणाला देण्यासारखे नव्हतेच. सगळे नगरपालिकेच्या गाडीत गेले.

माझी भाची शेजारी उभी होती. ती नववीत शिकते. म्हणाली, ‘मामू, उरलेल्या अन्नातून वीज तयार होते म्हणे. मी व्हिडिओ पाहिला. एका बरणीत भात टाकला, दोन तारा लावल्या आणि घरातला दिवा लागला.’

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आहे. ‘होते’ म्हणावे की ‘होत नाही’, हे मला चटकन ठरवता येईना, कारण दोन्ही उत्तरे अर्धवट ठरली असती. मी म्हणालो, ‘बेटा, करून बघू. पण मोजून बघू.’ तिच्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन दीड महिन्यावर होते. विषय मिळाला. या महिन्याचे हे पान त्या दीड महिन्याचे.

मडक्यातला विद्युतघट

अन्नात ऊर्जा असते, हे सांगायला विज्ञान लागत नाही. रोजा सोडल्यावर दोन खजुरांनी अंगात जी तरतरी येते, ती तीच. आपले शरीर अन्न हळूहळू ‘जाळते’. या जळण्यात अन्नातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि शेवटी आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला जाऊन मिळतात. सूक्ष्मजीवही हेच करतात. पण काही सूक्ष्मजीव नदीच्या, तळ्याच्या तळच्या चिखलात राहतात, जिथे ऑक्सिजन पोहोचतच नाही. मग ते सुटलेले इलेक्ट्रॉन टाकतात कुठे? चिखलातल्या लोहाच्या कणांवर! लोह नसेल आणि कार्बनची कांडी मिळाली, तर कांडीवर टाकतात. कांडीला तार जोडली की तारेतून इलेक्ट्रॉन वाहू लागतात. वाहणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच वीज. अशा घटाला ‘मायक्रोबियल फ्युएल सेल’ म्हणतात. आपण त्याला सूक्ष्मजीवांचा विद्युतघट म्हणू.

आम्ही कुंभाराकडून एक लिटरचे साधे, न रंगवलेले मडके आणले. त्यात शिळा भात कुस्करून, पाणी घालून, तळ्याकाठचा मूठभर काळा चिखल आणि थोडे शेण कालवले. आत कार्बनच्या फेल्टचा तुकडा तारेला बांधून सोडला आणि तोंड झाकून, कणीक लावून हवाबंद केले. हे मडके मिठाच्या पाण्याच्या बादलीत ठेवले आणि फेल्टचा दुसरा तुकडा बादलीतल्या पाण्यावर असा तरंगत ठेवला की त्याला हवा लागेल.

मडकेच का? उन्हाळ्यात आपला माठ बाहेरून पाझरतो, म्हणून तर पाणी गार राहते. माठाच्या अंगाला बारीक छिद्रे असतात. सूक्ष्मजीव अन्न फोडतात तेव्हा इलेक्ट्रॉनबरोबर हायड्रोजनचे धनभारित कणही सुटतात. इलेक्ट्रॉन तारेच्या वाटेने जातात, हे कण माठाच्या भिंतीतून पाझरतात, आणि बाहेरच्या कांडीवर दोघांची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडून पाणी तयार होते. प्रयोगशाळेत यासाठी महागडा पडदा वापरतात. पण मातीच्या भांड्यावरही काम होते. आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक मकरंद घांगरेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भात गिरणीचे सांडपाणी मातीच्या मडक्यातल्या अशा घटात घालून पाहिले आणि २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा आमच्या मडक्याला कुणी हसण्याचे कारण नव्हते.

पहिले तीन दिवस काहीच नाही. फक्त वास. माझी अम्मी, म्हणजे भाचीची नानी, रोज विचारायची, ‘तुमचा दिवा लागला का, की नाकच जाळणार आहात?’ चौथ्या दिवसापासून मल्टिमीटरचा आकडा वर सरकू लागला. आठव्या दिवशी ०.४२ व्होल्ट! भाची उड्या मारत नानीला बोलवायला गेली. मग आम्ही लाल एलईडी जोडला.

लागला नाही.

एक लाख मडकी

तिचा चेहरा उतरला. त्याच वेळी घरातला एक मोठा भाऊ म्हणाला, ‘अगं, पुठ्ठ्याखाली घड्याळातला एक बटन सेल लपव. दिवा लागेल, बक्षीस मिळेल. कोण उघडून बघतंय?’

तो चेष्टेत म्हणाला असेल. पण मुलीने माझ्याकडे पाहिले, आणि मला कळले की हा चेष्टेचा प्रश्न नाही. अनेक व्हिडिओंमध्ये दिवा असाच लागतो. मी तिला म्हणालो, ‘दिवा का लागला नाही, हे आधी काढू. बाकीचे नंतर.’

लाल एलईडीला उजेड द्यायला सुमारे १.८ व्होल्ट लागतात. आमच्याकडे ०.४२ होते. अशा घटातून तत्त्वतः मिळू शकणारा जास्तीत जास्त दाबच सुमारे १.१ व्होल्ट असतो. त्यामुळे एका घटावर साधा एलईडी लागणे शक्यच नाही. पाच-सहा मडकी एकापुढे एक जोडली तर मिणमिण उजेड पडू शकतो. त्यातही एखादे मडके कमजोर निघाले की बाकीची त्यालाच उलटे फिरवतात. आणि खरी अडचण दाबाची नसतेच, प्रवाहाची असते.

आम्ही तारांच्या मध्ये १,००० ओहमचा रोध जोडला. दाब ०.३ व्होल्टवर आला. म्हणजे प्रवाह ०.३ मिलिअँपिअर आणि शक्ती ०.०९ मिलिवॅट. आता घरातला साधा एलईडी बल्ब घ्या, ९ वॅटचा. भाचीने वहीत भागाकार केला आणि बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली. अशी एक लाख मडकी लागतील. एका बल्बसाठी.

मग तिनेच पुढचा प्रश्न विचारला. ‘मामू, भातात वीज नसतेच का मग?’

असते, भरपूर असते. एक किलो शिजलेल्या भातात सुमारे १,३०० किलोकॅलरी ऊर्जा असते. विजेच्या हिशेबात हे जवळजवळ दीड युनिट. सगळीच्या सगळी हाती आली असती, तर तो ९ वॅटचा बल्ब दीडशे तासांहून जास्त जळला असता. हाती का येत नाही? काही ऊर्जा सूक्ष्मजीव स्वतःच्या वाढीसाठी ठेवून घेतात. काही अन्न दुसरे सूक्ष्मजीव खातात आणि त्याचा वायू करून सोडतात. मडक्याच्या भिंतीत, पाण्यात, कांडीच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांची वाट अडते. आणि मुख्य म्हणजे हे सगळे फार सावकाश चालते. तळाशी मोठा साठा असून वर नळ अगदी बारीक, अशी ही टाकी आहे.

शंभर वर्षांचा शोध

हा शोध नवा नाही. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. सी. पॉटर यांनी १९११ साली दाखवले की सेंद्रिय पदार्थ सडत असताना सूक्ष्मजीवांमुळे वीज निर्माण होते. १९३१ साली अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी असे बरेच घट एकापुढे एक जोडून ३५ व्होल्टपर्यंत दाब मिळवला. प्रवाह मात्र २ मिलिअँपिअर. त्यानंतर बराच काळ हा विषय मागे पडला. १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या चिखलात ‘जिओबॅक्टर’ नावाचे सूक्ष्मजीव सापडले. तेच ते, लोहावर इलेक्ट्रॉन टाकणारे. ते थेट कांडीलाही इलेक्ट्रॉन देतात हे पुढे समजले आणि संशोधनाला पुन्हा वेग आला. हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत एस. वेंकट मोहन यांनी सांडपाणी आणि खरकट्या अन्नावर चालणाऱ्या घटांवर बराच अभ्यास केला आहे.

आज हे घट कुठे उपयोगी पडतात? जिथे वीज अगदी थोडी लागते, पण वर्षानुवर्षे लागते आणि सेल बदलायला माणूस जाऊ शकत नाही, तिथे. त्याच पोटोमॅक नदीत हवामान नोंदवणारे एक तरंगते यंत्र तळाच्या चिखलातल्या विजेवर चालवून दाखवले गेले. ते निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१३ साली लघवीवर चालणाऱ्या घटांनी मोबाइल फोन चार्ज करून दाखवला. दुसरा उपयोग सांडपाणी शुद्ध करण्याचा. नेहमीच्या पद्धतीत पाण्यात हवा फुंकायला पुष्कळ वीज खर्च होते. या घटात सूक्ष्मजीव हवेशिवायच घाण खातात. थोडी वीज मिळते तो वरचा नफा. खरी कमाई म्हणजे वाचलेली वीज.

तेव्हा हे तंत्र खोटे मुळीच नाही. त्याच्या नावाने होणारे दावे तेवढे फुगवलेले असतात.

मगनवाडीचा दिवा

एका रविवारी मी भाचीला वर्ध्याला बोलावून मगनवाडीत नेले. आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्या रस्त्याने जातात आणि आत कधी डोकावत नाहीत. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला आणि त्याचे कामकाज मगनवाडीतून चालू लागले. मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले. संघाची धुरा अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. त्या काळी खेड्यात दिवा म्हणजे रॉकेल, आणि रॉकेल म्हणजे बाहेर जाणारा पैसा. म्हणून इथे गावच्या घाणीच्या तेलावर जळणारा कंदील तयार केला गेला. त्याचे नाव मगनदीप.

मी भाचीला सांगितले, ‘या लोकांनीही तुझाच प्रश्न विचारला होता. आपल्या घरात, आपल्या गावात जे आहे, त्यातून उजेड कसा मिळेल?’

ही परंपरा वर्ध्यात पुढेही चालली. देवेंद्रकुमार यांनी १९७६ साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. स्वस्त घरे, संडास, गोबर गॅस अशा, गरिबाच्या घरात उपयोगी पडणाऱ्या गोष्टींवर दत्तपूरच्या या केंद्राने काम केले. मगनवाडीतल्याच जुन्या जमनालाल बजाज संशोधन संस्थेचे रूपांतर पुढे महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत झाले. ग्रामीण उद्योगांसाठी तंत्र शोधणे हेच तिचे काम. या सगळ्या कामात एक साधी कसोटी दिसते: वस्तू आपल्या माणसाला परवडेल का, दुरुस्त करता येईल का, आणि सांगितले तेवढे काम ती खरेच देईल का?

आमच्या मडक्याला ही कसोटी लावली तर ते आज नापास होते. पण मग त्या आंबलेल्या देगेचे काय?

मडक्यातले दुसरे कामगार

वर म्हटले होते की काही अन्न दुसरेच सूक्ष्मजीव खातात आणि त्याचा वायू करतात. मडक्याच्या झाकणाखाली जे बुडबुडे येत होते, ते त्यांचे काम. विजेच्या दृष्टीने हे चोर. पण घराच्या दृष्टीने हेच कामाचे! हवा नसताना अन्न कुजले की तयार होणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो, आणि मिथेन निळ्या ज्योतीने जळतो. हाच बायोगॅस.

यातही महाराष्ट्र मागे नव्हता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून मिळालेल्या वायूवर दिवे लावले गेले होते. पुढे जशभाई पटेलांचा गोबर गॅस संयंत्राचा नमुना खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकात देशभर नेला. पण त्याला गुरे हवीत. शहरातल्या, मोहल्ल्यातल्या घरात गुरे कुठून आणणार?

यावर पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी उत्तर शोधले. त्यांचा विचार सोपा होता. शेण म्हणजे गाईने आधीच पचवलेले अन्न. त्यातला कस तिने काढून घेतलेला असतो. मग सूक्ष्मजीवांना ताजे पिष्टमय अन्नच का देऊ नये? भात, पोळीचे तुकडे, सडकी फळे, पिठाचा कोंडा. प्लास्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या, एकीत दुसरी उपडी बसवायची. वायू साठला की वरची टाकी उचलली जाते. या कामाला २००६ साली इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. इकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ नावाचे मोठे संयंत्र विकसित केले, जे वसतिगृहे, बाजार, नगरपालिकांसाठी आहे.

आणि अन्नातून वीज? तीही या वाटेने मिळते. मुंबईत हाजीअलीजवळ, केशवराव खाड्ये मार्गावर, महानगरपालिकेचे एक संयंत्र आहे. हॉटेलांतले खरकटे तिथे येते, त्याचा वायू होतो, वायूवर जनित्र चालते. मे २०२२ मध्ये तिथे याच विजेवर मोटारी चार्ज करण्याची सोयही झाली. भाचीने पाहिलेल्या व्हिडिओतले स्वप्न खरे आहे. फक्त त्याचा रस्ता दुसऱ्या सूक्ष्मजीवांच्या दारातून जातो.

घरचा हिशेब

आता आपल्या घराचे बघू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात घरोघरी माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. यात साली, हाडे असा न खाण्याजोगा भागही धरला आहे. पाच माणसांच्या घरात हे दिवसाला पाऊण किलो होते.

खरकट्या अन्नाच्या एका किलोपासून ढोबळमानाने १०० लिटर बायोगॅस मिळतो. म्हणजे रोज दोन किलो जमले, तर जवळपास अर्धा तास एक शेगडी चालते. सकाळचा चहा आणि एखादी भाजी. सिलिंडर सुटणार नाही, पण तो काही दिवस जास्त पुरेल. शेजारची तीन-चार घरे एकत्र आली तर हिशेब आणखी जमतो.

त्या वलीम्याचा हिशेबही भाचीने मांडला. उरलेले ४० किलो धरले तर चार घनमीटर वायू. म्हणजे पावणेदोन किलो सिलिंडर गॅसएवढी आच, किंवा जनित्र लावले तर सहा-सात युनिट वीज. मात्र घरगुती टाकीत ४० किलो एका दिवशी टाकता येत नाही. टाकले तर तिला अपचन होते. हे शादीखान्याच्या मोठ्या टाकीचे काम.

ज्यांना घरी करून बघायचे आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी:

टाकी आधी शेणाच्या पातळ रबडीने सुरू करा. दोन-तीन आठवड्यांनी, जळणारा वायू येऊ लागला की मग थोडे थोडे अन्न द्या.

अन्न बारीक करून, तेवढेच पाणी घालून टाका. हाडे, अंड्याची टरफले, कांद्याची कोरडी साले नकोत. तर्रीचे तेल निथळून घ्या.

आपल्याकडे कारंजा, आष्टी, आर्वीकडे संत्री भरपूर. पण संत्र्याची साल टाकीत टाकू नका. तिच्यातले सुगंधी तेल वायू तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक आहे.

टाकीला आंबट वास आला, वायू कमी झाला, तर समजा की जास्त खाल्ले. चार-पाच दिवस काही देऊ नका, थोडी शेणाची रबडी घाला. थंडीत वायू कमीच येतो.

टाकी घरात नको, उघड्यावर ऊन लागेल अशी ठेवा. जवळ बिडी-काडी नको. शेगडीचे छिद्र बायोगॅससाठी मोठे केलेले हवे. आणि मोठ्या टाकीत सफाईसाठी कधीही उतरू नका, कुणाला उतरवूही नका. आतल्या विषारी वायूने आणि हवेच्या अभावाने माणसे क्षणात बेशुद्ध पडतात.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी कुंडीत खत करावे. नगरपालिकेच्या गाडीत टाकायचेच असेल तर ओले वेगळे, सुके वेगळे टाकावे. कारण प्लास्टिकमध्ये मिसळलेले अन्न ना वायूच्या कामाचे, ना खताच्या. ते कचरा डेपोत दबून सडते, तिथेही मिथेनच होतो. पण तो शेगडीत न जळता हवेत जातो आणि कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात याहून वेगळे काय सांगायचे?

आधी देग, मग टाकी

हे सगळे वाचून कुणी म्हणेल, ‘चला, आता उरले तरी चिंता नाही, गॅस करू.’ त्यांनी भाचीच्या वहीतला शेवटचा हिशेब बघावा. एक किलो भातात दीड युनिट ऊर्जा. पण तो भात शेतातून ताटात यायला किती पाणी, खत, डिझेल, गॅस आणि माणसांचा घाम लागला? वायू केल्याने त्यातला एक लहान तुकडा परत मिळतो. भुकेल्याच्या पोटात गेला असता तर सगळा कारणी लागला असता. आपल्या घरात इसराफ हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. त्याचा हिशेब आकड्यांतही तोच निघतो.

म्हणून क्रम असा: आधी मोजून शिजवा. उरले तर गरम असतानाच, रात्री उशीर होण्याआधी माणसांपर्यंत पोहोचवा. माणसांच्या कामाचे नसेल तर जनावरांना. त्यानंतर वायू. त्यानंतर खत. कचऱ्याची गाडी सर्वांत शेवटी.

वलीम्याच्या आयोजकांना एक सूचना. जेवण सुरू झाल्यावर तासाभरात अंदाज येतो की किती उरणार. त्याच वेळी एका जबाबदार माणसाने ते वेगळे काढून, झाकून, पाठवण्याची सोय करावी. आम्ही रात्री साडेअकराला जागे झालो, तीच चूक झाली. बावर्चीने आम्हाला नंतर सांगितले, ‘साहेब, मी तर म्हटलं होतं दोन देगा कमी पुरतील. पण कमी पडलं तर नाव जाईल, असं घरातूनच सांगितलं.’ या एका वाक्यावर आपण सगळ्यांनी आपापल्या घरात बोलायला हवे.

प्रदर्शनाच्या दिवशी

भाचीने बटन सेल लपवला नाही. टेबलावर मडके, बादली, मल्टिमीटर. शेजारी तक्ता: ‘या मडक्यातून ०.०९ मिलिवॅट वीज मिळते. ९ वॅटच्या एका दिव्यासाठी अशी एक लाख मडकी लागतील.’ त्याखाली बायोगॅसचा हिशेब आणि अन्न वाया न घालवण्याचा क्रम.

बाजूच्या टेबलावर दिवे लखलखत होते, त्यामुळे गर्दी तिकडे होती. एक शेतकरी गृहस्थ मात्र हिच्याकडे थांबले. तक्ता पूर्ण वाचला आणि म्हणाले, ‘पोरी, दिवा लागत नाही तर हे दाखवतेस कशाला?’

ती म्हणाली, ‘काका, मडक्यात वीज आहे हे खरं आहे. किती आहे, हेही खरं आहे. मी दोन्ही लिहिलं.’

त्यांनी मल्टिमीटरचा आकडा वाकून पाहिला, मग बायोगॅसच्या टाकीची सगळी माहिती विचारून घेतली. बक्षीस आले नाही. घरी परतताना मी विचारले, वाईट वाटले का? म्हणाली, ‘थोडं. पण मामू, ते काका टाकी बसवणार आहेत.’

मडके अजून आमच्या मागच्या अंगणात आहे. अधूनमधून ती फोन करून आकडा विचारते. नानीने वासाची तक्रार सोडलेली नाही.

वाचकहो, या महिन्यात एक काम करा. सात दिवस घरातले वाया जाणारे अन्न एका वेगळ्या डब्यात ठेवा आणि रोज रात्री वजन करून वहीत लिहा. मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतात. आठव्या दिवशी बेरीज करून दस्तरखानावर सगळ्यांसमोर वाचा. आपली बेरीज आम्हाला कळवलीत तर पुढच्या एखाद्या अंकात त्यावर बोलू, इन्शाअल्लाह.